होटगीचा माळ आणि दोन एंजिनांचें विमान

पुण्याहून सोलापुरास जाणारा मोटाररस्ता आतां इतका रुंद आणि सरळ झाला आहे कीं, आगगाडीनें जाणारा मनुष्य एक तर माझ्यासारखा वयस्क असावा, नाहीं तर त्याच्या वेळेला फारशी किंमत नसावी. माझ्या बाबतींत दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. भिगवणच्या पुढें उजनीच्या जलाशयाचें पसरलेलें पाणी दिसूं लागतें, आणि थंडीच्या दिवसांत त्या उथळ पाण्यांत उभे असलेले रोहित पक्षी नजरेस पडले म्हणजे प्रवासाचें सार्थक झालें असें मला दर वर्षीं वाटतें. पुढें जेऊर, केम, कुर्डुवाडी, माढा, मोहोळ अशीं ओळखीचीं स्थानकें एकामागून एक येतात. दोन्ही बाजूंस शाळू भरत आलेला असतो. आणि सोलापूर जवळ आल्याचें हवेच्या कोरडेपणावरून डोळे मिटूनहि समजतें.

२०२६ च्या संक्रांतीस मी असाच निघालों होतों. पण त्या दिवशीं पक्ष्यांकडे माझें लक्ष लागेना. खिशांत पुतण्याचें पत्र होतें. पत्र म्हणजे हल्लींचें विजेचें पत्र. मुलानें तें मला कागदावर छापून दिलें होतें. मजकूर थोडकाच होता. "काका, कुंभारीच्या शेतांतील माझा हिस्सा विकावा असें मनांत आहे. मला एक विमान घ्यावयाचें आहे. जुनें आहे, दोन एंजिनांचें. आईशीं अजून बोललों नाहीं. संक्रांतीस मी सोलापुरांत आहे. तुम्ही त्या वेळीं आलांत तर बरें."

कुंभारीचें शेत आठ एकरांचें. माझ्या वडिलांनीं तें राखलें, थोरल्या बंधूंनीं त्यांत विहीर पाडली, आणि बंधु गेल्यावर सातबाऱ्यावर तीन नांवें चढलीं: माझें, वहिनींचें आणि पुतण्याचें. शहर त्या दिशेनें वाढत चालल्यामुळें जमिनीला आतां भाव आला आहे. त्या जमिनीच्या मोबदल्यांत पुतण्या विमान घेणार हें वाचून माझ्या मनांत प्रथम काय आलें तें सांगण्यांत संकोच नाहीं. पैसा फार झाला म्हणजे मनुष्याला असलीं खुळें सुचतात, असेंच मला वाटलें. वाचकांपैकीं पुष्कळांना तसेंच वाटत असेल. तो अमेरिकेंत मिशिगन प्रांतांत ग्रँड रॅपिड्स या शहरीं राहतो, यंत्रांच्या कारखान्यांत चांगल्या हुद्द्यावर आहे, आणि दहा वर्षांपूर्वीं त्यानें हौसेनें विमान चालविण्याचा परवाना मिळविला, एवढेंच मला ठाऊक होतें.

स्टेशनावर तो घ्यावयास आला होता. टांगे गेले त्यास बरींच वर्षें झालीं. रिक्षांतून उत्तर कसब्यांतील आमच्या वाड्याकडे जातांना गड्ड्याची गर्दी लागली. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेचे ते दिवस. बाराबंदी घातलेला एक तरुण उंच नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यावर तोलून गर्दींतून चालला होता. काठी डाव्या अंगास झुकली कीं त्याचें सारें शरीर क्षणांत तिच्याखालीं सरके. पुतण्या रिक्षा थांबवून तें बराच वेळ पाहत राहिला. "लहानपणीं वाटायचें कीं ही ताकदीची गोष्ट आहे," तो म्हणाला. वहिनींनीं दारांत भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, आणि जेवणांत बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, शेंगांची चटणी अशी थाळी वाढली. विमानाचा विषय कोणीं काढला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही दोघे होटगी रस्त्यानें विमानतळाकडे फिरावयास गेलों. फिरावयास म्हणजे दोघांनाहि घराबाहेर बोलावयाचें होतें.

सोलापूरचा हा विमानतळ कोणास सुंदर वाटेल असा नाहीं. सपाट माळ, काळी-तांबडी माती, बाभळी, आणि कुंपणापलीकडे दोन किलोमीटरच्या आसपास लांबीची धांवपट्टी. कित्येक वर्षें तेथें गुरें हांकलण्यापलीकडे फारसें काम नसे. मध्यंतरीं एका कंपनीचीं विमानें थोडा काळ आलीं आणि बंद झालीं. अडचणींत मोठी अडचण म्हणजे जवळच्याच सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या वीजनिर्मितीची सुमारें ९० मीटर उंचीची चिमणी. तिच्यावरून शहरांत दोन तट पडले. एकाला विमान हवें होतें, दुसऱ्याला उसाचा गाळप. दोघांचेंहि म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. अखेर १५ जून २०२३ रोजीं ती चिमणी स्फोटानें पाडण्यांत आली. २९ सप्टेंबर २०२४ रोजीं नूतनीकरण झालेल्या विमानतळाचें लोकार्पण झालें, आणि जून २०२५ मध्यें गोव्याचें विमान सुरूं झालें. ज्या गांवाची ओळख गिरण्यांच्या भोंग्यांनीं आणि चिमण्यांनीं होत असे, त्या गांवानें एक चिमणी विमानासाठीं पाडावी, याची मला आजहि थोडी गंमत वाटते.

आम्ही गेलों त्या वेळीं विमान यावयाचें नव्हतें. कुंपणाशीं उभे राहून आम्ही वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी पिशवी पाहत होतों. पुतण्या म्हणाला, "काका, विमानांशीं आपल्या गांवाचा संबंध जुना आहे, हें तुम्हीच मला शाळेंत असतांना सांगितलें होतें."

सांगितलें होतें खरें. वालचंद हिराचंद मूळचे येथले. त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजीं सोलापुरांत झाला. घरचा सावकारी-सुताचा धंदा सोडून त्यांनीं लक्ष्मण बळवंत फाटक नांवाच्या, रेल्वेंत कारकुनी केलेल्या, गृहस्थांशीं भागी केली आणि बार्शी लाईट रेल्वेचें कंत्राट घेतलें. पुढचा विस्तार सर्वश्रुत आहे: आगबोटी, साखर, मोटारी. १९३९ सालीं अमेरिकेच्या प्रवासांत विल्यम पॉली या विमानांच्या व्यापाऱ्याशीं त्यांची गाठ पडली, आणि त्या ओळखींतून म्हैसूर सरकारच्या साह्यानें २३ डिसेंबर १९४० रोजीं बंगळूरास हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी राहिली. १९४१ मध्यें त्यांनीं जोडलेलें पहिलें विमान हार्लो जातीचें, एका एंजिनाचें, शिकाऊ वैमानिकांसाठीं होतें. १९४२ सालीं युद्धाच्या निकडीनें सरकारनें वालचंदांचा हिस्सा विकत घेतला, आणि आपल्याच कारखान्यांतून त्यांना बाहेर पडावें लागलें. युद्ध संपल्यावर त्याच कारखान्यांत लष्करानें वापरून टाकलेलीं डाकोटा विमानें दुरुस्त होऊन नागरी कंपन्यांकडे जाऊं लागलीं. म्हणजे जुनें, दोन एंजिनांचें विमान विकत घेऊन तें नीट करून चालविणें, ही गोष्ट आपल्या देशाला मुळींच नवी नाहीं. स्वतंत्र हिंदुस्थानच्या विमानवाहतुकीचा मोठा भाग तशाच विमानांवर उभा राहिला. हें मीं त्याला पुन्हां सांगितलें आणि सांगतांना लक्षांत आलें कीं, मी त्याचीच बाजू बळकट करीत आहें.

मग त्यानें आपलें विमान सांगितलें. त्याचें नांव अ‍ॅपाची. पायपर कंपनीनें आपल्या विमानांना अमेरिकेंतील मूळ जमातींचीं नांवें देण्याची चाल पाडली. ज्यांच्या भूमी गेल्या त्यांचीं नांवें यंत्रांवर राहिलीं. हें त्या कंपनीचें पहिलें दोन एंजिनांचें विमान. १९५२ सालीं त्याचें पहिलें उड्डाण झालें, म्हणजे तें माझ्याच वयाचें. पुतण्या पाहत होता तें १९५९ सालचें. चार माणसें बसतात, प्रत्येक एंजिन १६० अश्वशक्तीचें, वेग ताशीं अडीचशें किलोमीटरांच्या थोडा वर. म्हणजे सोलापूर-पुणें एका तासांत. किंमत पन्नास हजार डॉलर. पुण्यांत आज तेवढ्या पैशांत दोन खोल्यांचें बरें घर मिळणें कठीण.

"आणि तुला याची गरज काय?" मीं विचारलें.

त्याचें उत्तर मला अनपेक्षित होतें. त्याच्या पत्नीचे आईवडील मिलवॉकी शहरीं राहतात. सासरे आजारी आहेत. ग्रँड रॅपिड्स आणि मिलवॉकी यांच्या मध्यें मिशिगन सरोवर आहे. मोटारीनें जावयाचें तर शिकागोवरून वळसा घालून चार तासांवर लागतात. हिंवाळ्यांत बर्फ पडलें कीं किती, त्याचा नेम नाहीं. सरळ सरोवरावरून विमानानें गेलें तर पाऊण तास. पण सरोवराची रुंदी तेथें सुमारें १३० किलोमीटर. आतां तो भाड्यानें घेतो तें विमान एका एंजिनाचें. नऊ हजार फुटांवर असतांना एंजिन बंद पडलें तर तसलें विमान तरंगत पंचवीसेक किलोमीटर जाऊं शकतें. म्हणजे मधल्या ऐंशी किलोमीटरांत, वीस-पंचवीस मिनिटें, कोणताच किनारा आटोक्यांत नसतो. पाणी बर्फासारखें. "गेल्या नोव्हेंबरांत दोन्ही मुलें मागें बसलीं होतीं," तो म्हणाला, "आणि तीं पंचवीस मिनिटें मी फक्त एंजिनाचा आवाज ऐकत होतों. त्या दिवशीं ठरविलें."

मला वाटलें, मग प्रश्नच मिटला. दोन एंजिनें म्हणजे दुप्पट सुरक्षितता. एक गेलें तर दुसरें आहेच. मीं तसें म्हणतांच तो हंसला, आणि त्यानें जें सांगितलें तें ऐकून मात्र माझी झोंप उडाली.

बैलगाडीचा एक बैल चालतां चालतां बसला तर काय होतें, हें कुंभारीच्या वाटेवर मीं पाहिलें आहे. दुसरा बैल ओढीत राहतो आणि गाडी बसलेल्या बैलाकडे वळते. विमानाचें तसेंच. उजवें एंजिन पूर्ण शक्तीनें ओढीत असतें, डावें बंद. विमानाचें नाक डावीकडे वळूं लागतें आणि वैमानिक पायानें शेंपटीचा पंखा दाबून तें सरळ ठेवतो. पण तो पंखा हवेच्या वेगावर चालतो. वेग एका ठराविक मर्यादेखालीं गेला कीं पाय कितीहि दाबला तरी पंखा पुरा पडत नाहीं, आणि विमान वळतां वळतां पाठीवर पडतें. त्या वेगाची खूण वेगमापकावर तांबड्या रेषेनें केलेली असते. एका एंजिनावर सर्वांत चांगलें चढण्याच्या वेगाची निळ्या रेषेनें. त्या दोन रेषांमध्यें वैमानिकाचें सारें शहाणपण सांठलेलें असतें, असें पुतण्याचें म्हणणें. शिवाय एक एंजिन गेलें म्हणजे शक्ति निम्मी उरते, पण चढण्याची क्षमता निम्मी उरत नाहीं. पांचांत एक हिस्सा उरला तरी पुष्कळ. कारण बहुतेक शक्ति नुसतें हवेंत टिकून राहण्यांतच खर्च होते. वैमानिकांत एक कडवट थट्टा आहे म्हणतात, कीं दुसरें एंजिन तुम्हांला अपघाताच्या जागेपर्यंत नेऊन पोंचवितें.

अ‍ॅपाचीची तर आणखी एक गंमत. तिचीं चाकें पोटांत ओढून घेणारा तेलाचा पंप एकट्या डाव्या एंजिनावर बसविलेला. नेमकें डावें बंद पडलें तर वैमानिकानें एका हातानें विमान सांभाळावें आणि दुसऱ्या हातानें दांडा हापसून चाकें वर घ्यावींत. हें ऐकून मला आमच्या मोठ्या कुटुंबाची आठवण झाली. कर्तीं माणसें दोन, पण देणेकरी, आजारपणें, लग्नकार्यें सारीं थोरल्याच्याच अंगावर. आणि तो अंथरुणास खिळला कीं धाकट्याला घरांतील किल्ल्यासुद्धां सांपडत नाहींत. बंधु गेले तेव्हां माझें तेंच झालें होतें.

"येथेंच हिशेब करून पहा," पुतण्या म्हणाला आणि धांवपट्टीकडे बोट केलें. सोलापूरचा हा माळ समुद्रसपाटीपासून सुमारें दीड हजार फुटांवर. मे महिन्यांत पारा ४२ अंशांवर गेला कीं हवा इतकी विरळ होते कीं विमानाच्या दृष्टीनें तें पांच हजार फुटांवरून उडाल्यासारखेंच. आणि भरल्या वजनाच्या अ‍ॅपाचीची एका एंजिनावर चढण्याची मर्यादाहि त्याच सुमारास संपते. अशा दुपारीं येथून निघाल्यावर एक एंजिन गेलें तर ती चढणार नाहीं. हळूहळू जमिनीकडेच येईल. मला एकदम ती पाडलेली चिमणी आठवली. मिशिगनच्या थंड, दाट हवेंत तीच अ‍ॅपाची बरी चालते. आणि सरोवराच्या मध्यावर, नऊ हजार फुटांवर, हाताशीं वेग असतांना एक एंजिन गेलें तर दुसरें तिला सावकाश किनाऱ्याला नेतें. म्हणजे पाण्यावरची वीस-पंचवीस मिनिटें सुरक्षित करून घेण्यासाठीं निघतांनाचीं पहिलीं दोन मिनिटें अधिक धोक्याचीं करून घ्यावयाचीं, असा हा व्यवहार आहे. त्यासाठीं त्यानें दोन एंजिनांचें निराळें शिक्षण घेतलें होतें, आणि दर सहा महिन्यांनीं शिक्षकाबरोबर एक एंजिन बंद करून सराव करण्याचें ठरविलें होतें.

विमान सोलापुरास आणण्याचा विचार त्याच्या मनांत एकदां येऊन गेला होता, तो त्यानें स्वतःच सोडला. इतकें जुनें विमान देशांत आणावयाचें म्हणजे परवानगीपासूनच अडचण. शिवाय असल्या एंजिनांना लागणारें विशेष पेट्रोल देशांत बनूं लागलें तेंच २०२२ सालीं, बडोद्याच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत. तें येथें कोण आणून देणार?

घरीं परततांना आम्ही आणखी एक हिशेब केला, आणि तो मला अधिक पटला. विमानाची किंमत म्हणजे लग्नाचा खर्च, संसार पुढेंच. दोन्ही एंजिनें मिळून तासाला सुमारें साठ लिटर पेट्रोल पितात. दर वर्षीं सर्व अंग उघडून तपासणी करणें कायद्यानें भाग आहे. त्यावर विमा, गराजाचें भाडें. आणि एखादें एंजिन पूर्ण उलगडून नवें करण्याची वेळ आली तर एकाला तीस-चाळीस हजार डॉलर. दोन्ही एकदम आलीं तर विमानाच्या किंमतीपेक्षां जास्त. जुन्या दुहेरी विमानांच्या किंमती कमी असतात त्या याचमुळें. तीं कोणी दयेनें स्वस्तांत देत नाहीं.

"म्हणून हें घेतों आहे," पुतण्या म्हणाला. "एंजिनें नवीं केल्यापासून फक्त सहाशें तास चाललीं आहेत. त्यांचें आयुष्य दोन हजार तासांचें. अजून चौदाशें तास शिल्लक."

रात्रीं जेवणें झाल्यावर विषय निघाला. वहिनींनीं तीस वर्षें एका बँकेंत हिशेबनिसाचें काम केलें आहे. पुतण्यानें सर्व सांगितलें. सरोवर, मुलें, बैलगाडी, चाकांचा हातपंप, कांहीं लपविलें नाहीं. मला भीति होती कीं आतां डोळ्यांस पदर लागेल. तसें कांहीं झालें नाहीं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "एक बंद पडलें तर तुला तें सांभाळतां येईल?"

"येईल असें वाटतें. शिकलों आहें. पण खात्री देतां येत नाहीं."

"बरें. सातबारा पाहिलास का?"

आम्हांला दोघांनाहि हंसू आलें, पण प्रश्न खरा होता. विमानावर कोणाचा बोजा आहे कीं नाहीं, मालकी सरळ उतरत आली आहे कीं नाहीं, हें ओक्लाहोमा सिटी येथील सरकारी दप्तरांतून पाहून घ्यावें लागतें. तें त्यानें पाहिलें होतें. पण विमानाचा खरा सातबारा म्हणजे त्याच्या नोंदवह्या. एक सांगाड्याची, दोन एंजिनांच्या दोन. पहिल्या दिवसापासून प्रत्येक तपासणी, प्रत्येक दुरुस्ती, तारीख, तास आणि सही. वही हरवली तर विमानाचें मोल उतरतें. विक्रेत्यानें सर्व पानांचीं छायाचित्रें पाठविलीं होतीं. वहिनींनीं चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "दाखव."

रात्रीं साडेअकरापर्यंत त्या वाचीत होत्या. इंग्रजी अक्षर कोठें वाईट, कोठें पुसट. पण त्यांना अर्थ नको होता, तारखा आणि आकडे हवे होते. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागें त्यांनीं दोन रकाने आंखले आणि साल व तास उतरवीत गेल्या. मी मधून मधून डुलक्या घेत होतों. एकदम त्यांचा आवाज आला, "भाऊजी, जागे आहांत ना? हें पहा."

१९९१ च्या नोंदीनंतर पुढची नोंद १९९७ ची होती. मधल्या सहा वर्षांत एकहि तपासणी नाहीं, आणि तासांचा आंकडा जागचा हललेला नाहीं. "हीं सहा वर्षें तें होतें कोठें?" त्यांनीं मुलाला विचारलें. त्याला सांगतां येईना. त्यानें एकूण तास पाहिले होते, सालें जुळवून पाहिलीं नव्हतीं. "आणि एंजिनें नवीं केलीं तीं १९९९ सालीं. तेव्हांपासून सहाशें तास. म्हणजे वर्षाला किती झाले? बावीस-तेवीस. आपल्या विहिरीवरची मोटार चार वर्षें बंद होती, मग सुरूं केली तेव्हां काय झालें तें विसरलास वाटतें?"

पुतण्या यंत्रांचा जाणता आहे. त्याचा चेहरा उतरला. मला त्यानें नंतर समजावून सांगितलें. या एंजिनांत झडपा उघडणारा दांडा वरच्या बाजूस असतो. एंजिन चालत असेल तोंवर त्यावर तेल उडत राहतें. आठवडेच्या आठवडे बंद राहिलें कीं तेल खालीं ओघळतें आणि दांड्यावर गंज चढतो. म्हणून बनविणारे दोन हजार तास सांगतात त्याबरोबरच बारा वर्षेंहि सांगतात. कमी तास चाललेलें एंजिन म्हणजे चांगलें एंजिन, ही समजूत मोटारीची सवय असलेल्यांची आहे.

त्याच रात्रीं, अमेरिकेंत तेव्हां दुपार होती, त्यानें विक्रेत्याला फोन केला. तो गृहस्थ प्रामाणिक होता म्हणावयाचें. विचारल्यावर त्यानें सांगितलें. आधींचा मालक वारल्यावर वारसांचा वाद चालू असतांना तीं सहा वर्षें विमान फ्लॉरिडांत समुद्रकाठच्या एका मैदानावर उघड्यावर उभें होतें.

निघण्याच्या आदल्या दिवशीं वहिनींनीं माझ्या देखत जमिनीच्या विक्रीस संमति असल्याचें कागदावर लिहून सही केली, आणि तो कागद देव्हाऱ्याखालच्या खणांत ठेवला. "जमीन तुझी आहे, मी अडवणार नाहीं," त्या मुलाला म्हणाल्या. "पण विमान विक्रेत्याच्या नव्हे, आपल्या माणसाकडून तपासून घे. आणि तें झाल्यावर मला कळव. मग कागद काढीन."

फेब्रुवारीच्या अखेरीस त्याचें पत्र आलें. विक्रेत्याशीं संबंध नसलेला एक कारागीर त्यानें दीड हजार डॉलर देऊन फ्लॉरिडांत पाठविला. त्यानें उजव्या एंजिनाचें एक नळकांडें उतरवून पाहिलें. झडपांच्या दांड्यावर खड्डे पडलेले होते. पंख अंगाला जोडतात तेथें झांकण काढल्यावर पांढरी भुकटी निघाली. लोखंडाचा गंज तांबडा असतो, अ‍ॅल्युमिनियमचा पांढरा, हें मला त्या पत्रावरून कळलें. सौदा मोडला. दीड हजार डॉलर गेले त्याचें त्याला कांहीं वाटलें नाहीं. मला मात्र थोडें वाटलें, कारण तेवढ्यांत कुंभारीच्या विहिरीला नवी मोटार बसली असती.

मला वाटलें विषय संपला. पण मुलें मोठीं होत होतीं, सासऱ्यांची प्रकृति तशीच होती, आणि सरोवर कांहीं अरुंद होणार नव्हतें. एप्रिलांत त्यानें कळविलें कीं, त्याच मैदानावर उडणारे त्याचे दोन मित्र भागींत यावयास तयार आहेत, आणि न्यू मेक्सिकोच्या कोरड्या हवेंत सांभाळलेलें १९६६ सालचें ट्विन कोमँची त्यांच्या पाहण्यांत आलें आहे. त्याच पायपर कंपनीचें. एंजिनें तेवढ्याच शक्तीचीं, पण अंग सडपातळ, त्यामुळें तेवढ्याच पेट्रोलांत वेग अधिक. १९७२ च्या जून महिन्यांत पेन्सिल्व्हेनियांतील कारखाना महापुरांत सांपडला आणि तें विमान बनावयाचें बंद झालें. तरी अजून शेंकड्यांनीं उडत आहेत. वर्षाला शंभराहून अधिक तास तें चालत आलें आहे, हें त्यानें मुद्दाम अधोरेखित केलें होतें. तिघांत वांटून त्याच्या अंगावर येणारी रक्कम त्याच्या शिलकींतून भागते. शेत विकावयाचें कारण उरलें नाहीं.

संमतीचा कागद अजून देव्हाऱ्याखालीं आहे. वहिनी म्हणतात, राहूं दे.

नव्या विमानाच्या नोंदवह्यांचीं छायाचित्रें त्यांनीं या खेपेस स्वतः मागवून घेतलीं, आणि शेजारच्या मुलीकडून मोठ्या अक्षरांत कागदावर काढून घेतलीं. दुपारीं झोंपाळ्यावर बसून त्या रोज दहा-बारा पानें वाचतात. १९६६ पासून १९८१ पर्यंत वाचून झालें असें त्यांनीं परवां मला फोनवर सांगितलें. १९७४ सालीं कोणी एकानें चाकें उघडावयास विसरून विमान पोटावरच उतरविलें होतें, तशी दुरुस्तीची नोंद त्यांना सांपडली आहे. नंतर दोन्ही एंजिनें उलगडून पाहिलीं होतीं कीं नुसतेच पंखे बदलले, हें त्या नोंदींत नाहीं. तें त्यांनीं मुलाला विचारलें आहे. उत्तर अजून यावयाचें आहे.